रद्दीचे राखणदार

1964 सालच्या फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पुढच्याच महिन्यात मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक काढला; त्यात वेताळाची, म्हणजे ‘फँटम’ची गोष्ट होती. या दोन घटनांचा आपसात काही संबंध नाही. तरी हे पुस्तक हाती घेणाऱ्याने त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. सिनेमा जपून ठेवण्याजोगा आहे हे सरकारला पटायला फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर पन्नास वर्षं लागली, आणि तोवर बहुतेक मूकपट गेलेही होते. काही जळाले, काहींच्या रिळांतली चांदी काढून विकली गेली. 1931चा ‘आलम आरा’ आज कुणालाच पाहता येत नाही. त्याची ओळख उरली आहे ती छायाचित्रांत आणि जाहिरातींत. तरीही सिनेमाचं नशीब बरं म्हणायचं. वेताळाचा अंक कुणी जपून ठेवावा, त्याची नोंद करावी, असं त्या वर्षी कुणाच्या मनातही आलं नसेल. तो वाचायचा, मित्राला द्यायचा, आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्तमानपत्रांबरोबर तराजूत घालायचा.

मग आज ते अंक आपल्याला दिसतात कसे? या पुस्तकातल्या लेखांचा उगम याच प्रश्नात आहे. उत्तर असं, की काही नादिष्ट माणसांनी ते तराजूत जाऊ दिले नाहीत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, घरच्यांचा पाठिंबा तर नव्हताच. लोकप्रिय संस्कृतीचा जो काही इतिहास आज आपल्या हाती आहे, तो मोठ्या अंशी अशाच माणसांनी पदरमोड करून राखलेला आहे. चाहत्याचा नाद हीदेखील ज्ञान मिळवण्याची एक रीत आहे, असं माझं म्हणणं आहे. ते ज्यांना अतिशयोक्त वाटेल, त्यांनी पुढची काही पानं संशय बाळगूनच वाचावीत.

संघटित चाहता हा प्राणी विसाव्या शतकातला. अमेरिकेत 1926 साली ह्यूगो गर्न्सबॅकने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं नाव-पत्त्यासकट छापली जाऊ लागली. संपादकाला लिहिणारे वाचक त्या पत्त्यांवरून एकमेकांना लिहू लागले, मग भेटू लागले, मग स्वतःची हस्तलिखितवजा मासिकं काढू लागले. 1933 साली क्लीव्हलंडमधल्या दोन पोरांनी असंच एक घरगुती मासिक काढलं होतं. त्यांची नावं जेरी सीगल आणि जो शुस्टर. पाच वर्षांनी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात त्यांचा सुपरमॅन अवतरला. सगळे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकून टाकले होते. म्हणजे आज ज्याच्यावर हजारो कोटींचे व्यवहार उभे आहेत तो अख्खा सुपरहिरो-धंदा चाहत्यांच्या वहीतून निघालेला आहे, आणि त्याच धंद्याने चाहत्याला नाडण्याची सुरुवातही पहिल्याच दिवशी केली. 1939 साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून आले. आज कॉमिक कॉनमध्ये रंगीत केसांचे टोप घालून फिरणाऱ्या मुलामुलींचं मूळ तिथे आहे. त्या दोघांचे कपडे मर्टलने शिवले होते. ही नोंद मुद्दाम करतो, कारण चाहत्यांचा इतिहास सांगताना पुरुषांची यादी आपोआप तयार होते आणि शिवणाऱ्या, लिहिणाऱ्या बायका गळतात. ‘स्टार ट्रेक’ मालिकेचं पहिलं चाहता-मासिक ‘स्पॉकनॅलिया’ 1967 साली निघालं, तेही दोन बायकांनी काढलेलं.

या नादाला शत्रूही लाभला. फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाने 1954 साली पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गहजब केला. अमेरिकी सिनेटसमोर सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी धास्तावून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. वर्दमने आपले पुरावे सोयीस्कर वाकवले होते, हे त्याची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाल्यावर 2012 साली कॅरल टिली या संशोधिकेने दाखवून दिलं. गंमत अशी, की याच वर्दमने 1973 साली चाहत्यांच्या मासिकांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यांची मनापासून वाखाणणी केली. त्याचं हे पुस्तक फारसं कुणी वाचलेलं नाही.

आपल्याकडे सुनावण्या झाल्या नाहीत. आपल्याकडे आई होती. ‘अभ्यास सोडून चित्रं कसली बघतोस’ या एका वाक्यात इथली सगळी सेन्सॉरशिप यायची. आणि या वाक्याला उत्तर शोधण्याच्या धडपडीतून भारतीय चित्रकथेचा एक मोठा प्रवाह निघाला. अनंत पै हे टाइम्समध्ये असताना इंद्रजालच्या उभारणीशी संबंधित होते. 1967 साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत ग्रीक देवतांबद्दलची उत्तरं पटापट देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, ही हकीकत ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ‘अमर चित्र कथा’ त्यातून जन्माला आली. पुराणं आणि इतिहास आल्याबरोबर कॉमिक्सला घरात प्रवेश मिळाला. वाढदिवसाला संच भेट येऊ लागले. इंद्रजाल मात्र गणिताच्या पुस्तकाच्या आतच राहिलं. मराठी वाचकाला त्या काळात उजेडात एक आणि अंधारात एक अशी दोन ग्रंथालयं होती, आणि ‘चांदोबा’ या दोन्हींत मोकळेपणी ये-जा करायचा.

अमर चित्र कथेच्या घडणीत मराठी हात किती होते, हे इथल्या वाचकालाही पुरतं ठाऊक नसतं. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, चंद्रकांत विटणकर, अशोक डोंगरे. देशभरातल्या मुलांच्या डोक्यातला कृष्ण, शिवाजी, हनुमान यांचा चेहरा या मंडळींनी ठरवला. वाईरकरांनीच ‘टिंकल’मधला सुपंडी पहिल्यांदा काढला, शिकारी शंभूला त्याची डोळ्यांवर आलेली टोपी वसंत हळबे यांनी घातली. मुळीक पुढे हिंदीतल्या राज कॉमिक्सच्या नागराजकडे वळले, आणि त्यांच्या रेषेतला पौराणिक डौल त्या हिरव्या अंगाच्या नायकातही उतरला. एकाच चित्रकाराचा हात कृष्णापासून नागराजापर्यंत ओळखू येणं हा चाहत्याचा खास आनंद. कलासमीक्षेच्या आपल्या ग्रंथांत या नावांना फार तर तळटीप मिळेल. त्यांच्या कामाच्या याद्या केल्या त्या शाळेत असताना हे अंक वाचलेल्या मुलांनी, मोठेपणी.

इंद्रजालचा प्रकार वेगळा. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला वेताळ हा मूळचा अमेरिकी दैनिकांतल्या चित्रपट्टीचा नायक. अमेरिकेत तो बॅटमन-सुपरमॅनच्या गर्दीत मागे पडला आणि ऑस्ट्रेलिया, स्वीडन, भारत अशा दूरच्या मुलखांत घरचा झाला. इथे आणताना त्याच्यात फेरफार झाले. मूळ कथेतली बंगालशी जवळीक सांगणारी नावं इथल्या वाचकाला खटकतील म्हणून त्याचा देश ‘डेंकाली’ झाला, आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांचं रक्षण करणारा गोरा राजा, ही कल्पना आज वाचताना बोचते. बोचायलाच हवी. या संग्रहातल्या एका लेखात लहानपणीचं प्रेम आणि मोठेपणीची ही बोच यांचा हिशेब मांडला आहे; मला तो लेख सर्वांत प्रामाणिक वाटला. 1976च्या अखेरीस आबिद सुरतींनी बहादूर आणला. कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूच्या पोटी जन्मून डाकूंशी लढणारा हा नायक गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवला. चंबळच्या बातम्या रोज पेपरात वाचणाऱ्या पिढीला तो शेजारच्या गल्लीतला वाटला. 1990 साली इंद्रजाल बंद पडलं, तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या वर गेली होती.

आता जरा सिनेमाकडे. आपल्याकडे चाहतेपणाची खरी शाळा सिनेमाच आहे, कॉमिक्सचा वर्ग नंतर भरला. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकं रंगवली; 1924च्या ‘कल्याण खजिना’चं भित्तिपत्रक हे देशातल्या सर्वांत जुन्या, अजून शिल्लक असलेल्या भित्तिपत्रकांत मोडतं. थिएटरबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, स्टेशनवरच्या वजनकाट्यातून पडणारं नटनटीचं चित्र छापलेलं जाड तिकीट, काड्यापेट्यांचे छाप, बबलगमबरोबरचे क्रिकेटपटू, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर गुंडाळ्या करून ठेवलेली पोस्टरं. जमवणाऱ्याने काय काय जमवलं नाही! चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते पी. के. नायर स्वतः लहानपणी सिनेमाच्या तिकिटांचे तुकडे आणि ती वजनाची तिकिटं साठवायचे. सरकारी खुर्चीत एक नादिष्ट बसला म्हणून हजारो चित्रपट वाचले. आणि खुर्ची नसलेल्यांचं काय? कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी बँकेतली नोकरी सांभाळून 1931पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचला. 1980पासून त्याचे खंड येत गेले. प्रत्येक चित्रपट, प्रत्येक गाणं, गायक, गीतकार, रेकॉर्डचा क्रमांक. आज हिंदी गाण्यांवर लिहिणारा कुठलाही अभ्यासक या खंडांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. हे काम एखाद्या विद्यापीठाने केलं असतं तर त्यावर तीन चर्चासत्रं झाली असती आणि कोश अर्धवट राहिला असता.

मराठीत या वृत्तीला आवाज दिला तो शिरीष कणेकरांनी. ‘गाये चला जा’मध्ये त्यांनी गायकांवर लिहिलं ते समीक्षकाच्या अंतरावरून नव्हे, पहिल्या रांगेत शिट्टी मारणाऱ्याच्या जागेवरून, आणि ‘माझी फिल्लमबाजी’ एकट्याने रंगमंचावर उभी करून दाखवून दिलं की निव्वळ चाहता असणं हीसुद्धा सादर करण्याजोगी गोष्ट आहे. इसाक मुजावरांनी तपशिलाची बाजू सांभाळली. कणेकर भांडायचे, मुजावर नोंदी ठेवायचे. मराठी चाहत्याच्या अंगात अजूनही हे दोघं आलटून पालटून येतात.

नव्याने या क्षेत्रात शिरणाऱ्याला त्यातले पंथ ठाऊक असलेले बरे, नाहीतर पहिल्याच मेळाव्यात नको त्या माणसाला नको तो प्रश्न विचारला जातो. एक असतात पूर्णत्वाचे उपासक. त्यांना क्रमांक एकपासून शेवटपर्यंत सगळे अंक हवे असतात, आणि मधला एक गाळलेला क्रमांक त्यांची झोप उडवतो; तो अंक वाचनीय आहे की टुकार याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. दुसरे प्रतीच्या अवस्थेवर जीव टाकणारे. पिन गंजलेली नको, कडा दुमडलेल्या नकोत, आणि मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेलं कुणा पोराचं नाव तर नकोच नको. अमेरिकेत 2000 सालापासून अंकाला दहापैकी गुण देऊन तो पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. तिसरे चित्रकारांचे भक्त, ज्यांना छापलेला अंक दुय्यम आणि मूळ शाईचं पान मुख्य. चौथे यादीवाले, त्यांच्याबद्दल वर आलंच आहे. पाचवे स्वतः काहीतरी घडवणारे: पात्रांच्या नव्या गोष्टी लिहिणारे, पोशाख शिवणारे. जपानमध्ये 1975पासून भरणारा ‘कॉमिकेट’ हा बाजार अशांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांवरच चालतो, आणि तिथले नामवंत चित्रकारही कधीकाळी त्या टेबलांमागे बसलेले असतात. सहावा पंथ सर्वांत वादग्रस्त: जुने अंक स्कॅन करून सगळ्यांना खुले करणारे. कायद्याने ते चुकीचं आहे. पण मालकाने तीस वर्षं पुनर्मुद्रण केलं नाही आणि कागद पिवळा पडून तुटायला लागला, तर काय करायचं? या पुस्तकात दोन लेखक या प्रश्नावर एकमेकांशी सरळ भांडले आहेत. माझं मत स्कॅन करणाऱ्यांच्या बाजूचं आहे; मात्र त्यांनी त्यावर पैसे मिळवू नयेत आणि मालकाने पुनर्मुद्रण काढलं की आपण हात आखडता घ्यावा.

कागदाचा प्रश्न भावनेपुरता नाही. स्वस्त वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं. उजेड आणि हवा लागली की ते कागद पिवळा करतं, आणि कागदात तयार होणारं आम्ल त्याला ठिसूळ करतं. त्यात आपली हवा. कोकणात एका पावसाळ्यात पिना गंजतात, मग गंज पानात उतरतो, मग कसर येते. डांबराच्या गोळ्यांनी यातलं थोडंच थांबतं. गल्लोगल्लीच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांनी अंक टिकावेत म्हणून दहा-दहाचे गठ्ठे बांधून घेतले, तेव्हा बाइंडरने कडा कापल्या आणि त्यांबरोबर चित्रांच्या चौकटीही. पण ते गठ्ठे झाले म्हणूनच कित्येक अंक उरले, हेही विसरता येत नाही. संग्राहक त्या बाइंडरला शिव्या घालतात. वाचणाऱ्याने त्याचे आभार मानावेत.

दुर्मीळपणा आणि किंमत यांचं गणित या क्षेत्रात उघडंनागडं दिसतं. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 1938 साली दहा सेंटला मिळत होता, 2024 साली त्याची एक प्रत 60 लाख डॉलरला गेली. अशा जेमतेम शंभर प्रती जगात उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे, कारण बाकीच्या वाचून फेकल्या गेल्या आणि युद्धकाळात रद्दीच्या मोहिमांत लगदा झाल्या. याउलट 1991 सालचा ‘एक्स-मेन’ मालिकेचा नवा पहिला अंक. पुढे किंमत येईल म्हणून लोकांनी तो चार-चार घेऊन पिशवीत घालून ठेवला. ऐंशी लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे त्याला आज कुणी विचारत नाही. ही सट्टेबाजी कोसळली आणि 1996च्या डिसेंबरात मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘गुंतवणूक म्हणून काय घेऊ?’ असं विचारणाऱ्या तरुणांना मी हा किस्सा सांगतो. त्यांना तो आवडत नाही.

खेळण्यांचंही तेच. 1977च्या नाताळात ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या वेळेवर तयार झाल्या नाहीत, तेव्हा केनर कंपनीने चक्क रिकामं खोकं विकलं, आत फक्त एक प्रमाणपत्र, की बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच येतील. लोकांनी ते घेतलं. आज ते रिकामं खोकंही संग्राह्य आहे. आणि आपल्याकडे? गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने परदेशी साचे वापरून जी. आय. जो सैनिक काढले, पण रंग आपल्या मर्जीने भरले. इथल्या पोरांनी ते सैनिक मातीत पुरून लढाया केल्या, आणि आता अमेरिकेतले संग्राहक तेच विचित्र रंगाचे सैनिक शोधत असतात.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण काय? एक तर 2008च्या ‘आयर्न मॅन’पासून चाहतेपणा अंधारातून बाहेर आला आणि बाजाराच्या मध्यभागी बसला. 2011 साली दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झालं, मुंबईत त्याच वर्षी आलं. ज्या गोष्टीसाठी घरी बोलणी खावी लागत, ती आज मुलांसाठी तिकीट काढून दाखवायची झाली. मला याचा आनंद आहे, आणि थोडी धास्तीही. पूर्वी माहिती मिळवायला खटपट लागायची, म्हणून माहिती असलेल्याला मान होता; या मानाचं रूपांतर पुष्कळदा पहारेकरीपणात झालं. एखाद्या मुलीने कॅप्टन अमेरिकाचा टी-शर्ट घातला की तिची तोंडी परीक्षा घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो काळ जात असेल तर उत्तम. धास्ती अशी, की कंपन्यांना चाहता हवा आहे तो विकत घेणारा. यादी करणारा, शंका काढणारा, मूळ आणि बदललेलं ताडून पाहणारा नको आहे. ओटीटीवरचा चित्रपट एका रात्रीत काढून टाकता येतो, त्यातला प्रसंग गुपचूप बदलता येतो. अशा वेळी घरात जुनी प्रत असलेला माणूसच सांगू शकतो की हे असं नव्हतं.

दुसरं कारण वयाचं. इंद्रजालचे पहिले अंक हातात घेतलेली मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांची घरं पुनर्विकासाला जात आहेत, माळे रिकामे होत आहेत, मुलं पुण्या-मुंबईच्या किंवा न्यू जर्सीच्या फ्लॅटमध्ये आहेत. संग्रह कुणाला द्यायचा हा प्रश्न या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखकाला पडलेला आहे, त्यांनी तो उघड विचारला असो वा नसो. ग्रंथालयं असे संग्रह घ्यायला कचरतात. कॉमिक्सचा वर्गीकरण क्रमांक कुठला टाकायचा इथपासून अडतं.

या संग्रहात चित्रकार, रद्दीवाले, लायब्ररी चालवलेले गृहस्थ, पोशाख शिवणाऱ्या मुली आणि एक-दोन प्राध्यापक एकत्र आले आहेत. प्राध्यापकांना लेख छोटे करायला सांगितले होते, ते त्यांनी केले नाहीत. सगळ्यांचा सूर एक नाही, आणि तो एक करण्याचा प्रयत्न संपादकांनी केलेला नाही, हे बरं झालं. अमर चित्र कथेने जात आणि स्त्रिया कशा रंगवल्या यावर अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप एका लेखात सविस्तर आले आहेत, आणि त्याला लागूनच त्याच अंकांवर वाढलेल्या एका वाचकाचं प्रेमपत्र आहे. दोन्ही वाचावेत, आणि त्याच क्रमाने. व्हिडिओ गेम आणि अ‍ॅनिमे या पुस्तकात जवळजवळ नाहीत. त्यांच्यावर लिहायला ज्यांचं बालपण त्यात गेलं अशी माणसं हवीत. आमच्यासारख्यांनी त्यावर लिहिलं तर ते दिसून येतं.

शेवटी इंद्रजालच्या मराठी अंकांची यादी जोडली आहे. इंग्रजी अंकांच्या याद्या अनेकांनी केल्या. मराठी आवृत्तीची शीर्षकं, तारखा आणि भाषांतरकारांची नावं मात्र एकत्र सापडत नाहीत, म्हणून ही यादी अपुरी असूनही छापली आहे. ज्या क्रमांकांपुढे रकाना कोरा आहे ते अंक कुणाकडे असतील तर त्यांनी पहिल्या पानाचा आणि मलपृष्ठाचा फोटो प्रकाशकांकडे पाठवावा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत रकाने भरता येतील. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल. त्यावर तुमचं नाव पेनाने लिहिलेलं असेल तर तेही राहू द्या.